लाजरीला जागवू नका

पालाश केमिकल्समध्ये नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी ब्राइनचं चाक दाखवायचे. कॅन्टीन आणि संडास मागाहून. परातीएवढं, निळ्या रंगाचं लोखंडी चाक. रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन मजली उंचीचा पोलादी हंडा. त्याला बाहेरून आणखी एक पोलादी कवच असतं, त्याला जॅकेट म्हणतात. चाक फिरवलं की उणे दहा अंशांचं खारं पाणी त्या जॅकेटमधून धो धो वाहतं आणि आतला माल गार पडतो. ते खारं पाणी म्हणजे ब्राइन. "तापमान चढलं की आधी ब्राइन, मग देव, मग साहेब," असं जुनेजाणते ऑपरेटर महेंद्र उतेकर प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचे आणि वर त्याच्याकडून तीनदा वदवून घ्यायचे.

ही गोष्ट २०४४ सालची. कारखाना कोकणातला, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या औद्योगिक वसाहतीतला. तोवर बाकी सगळं बदललं होतं. पंप आपल्या तक्रारी आपणच नोंदवायचे, तासातासाच्या नोंदींचं लॉगशीट कागदावरून पडद्यावर गेलं होतं, चहासुद्धा यंत्रातून यायचा आणि त्याला कसलीही चव नसायची. पण ते निळं चाक काही उतेकरांनी काढू दिलं नव्हतं. दोनदा कंपनीने ते काढायला माणसं पाठवली, दोनदा उतेकर चाकासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. सत्तावन्न वर्षांचा, डाव्या कानाने ठार बहिरा, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेला माणूस असा उभा राहिला की समोरच्याची बोलायची छाती होत नाही.

त्या कानाचं आणि त्या कातडीचं कारण रसिका शिगवणला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी तीन नंबरचा रिअ‍ॅक्टर फुटला, तेव्हा उतेकर चाकापाशी होते आणि तिचा नवरा दीपेश वरच्या फलाटावर. उतेकर वाचले. दीपेश एकोणतीस वर्षांचा होता, रसिका पंचवीसची, मुलगी आठ महिन्यांची. चौकशी समितीने अहवालात एक ओळ लिहिली: 'ब्राइनचा व्हॉल्व्ह उघडण्यास सहा मिनिटांचा विलंब.' त्या सहा मिनिटांत उतेकर खाली डबा खात बसले होते.

तोवर उतेकर तिचे भावोजी होते. दीपेशचं स्थळ त्यांनीच आणलं होतं, लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत सगळीकडे तेच मिरवत होते. दीपेशच्या तेराव्याला ते हाताला बँडेज बांधून दारात आले, तेव्हा रसिकाने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. सासूने आतून तांब्या आणून दिला. त्या दिवसापासून ते 'उतेकर साहेब' झाले आणि ती 'शिगवण मॅडम'.

कंपनीने तिला नवऱ्याच्या जागी नोकरी दिली. आधी प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या, मग आयटीआयचा कोर्स केला, मग फलाटावर आली, आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षी ती पाळीची मुख्य ऑपरेटर होती. अठरा वर्षं एकाच छपराखाली काढली, पण उतेकरांशी तापमान, दाब आणि पाळीची वेळ यापलीकडे शब्द बोलली नाही. उतेकरांनीही कानाला खडा लावला होता. पाळीत डबा उघडायचा नाही म्हणजे नाही. बायको बिचारी रोज भरून द्यायची, आणि हे तो तसाच उचलून पुढच्या पाळीतल्या कुणाच्या तरी हातात ठेवायचे.

अशा या कारखान्यात एप्रिलमध्ये लाजरी आली.

तिला घेऊन आल्या डॉ. स्वरा पाठारे, पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या तिशीच्या शास्त्रज्ञ. बाई बारीक, बोलणं सपासप, आणि समोरच्याला अडाणी न समजता समजावून सांगायची हातोटी. प्रशिक्षणाच्या खोलीत त्यांनी पडदा लावला नाही की काही नाही. थेट विचारलं, चूल कुणाकुणाला पेटवता येते? अठरा जणांत दोनच हात वर झाले. एक उतेकरांचा, एक रसिकाचा.

मग त्यांनी सांगितलं ते असं. काही रासायनिक क्रिया होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने माल तापतो, तापला की क्रिया आणखी वेगाने होते, आणि मग आणखी उष्णता. ढोबळमानाने दर दहा अंशांना वेग दुप्पट. जॅकेटची भिंत मात्र आहे तेवढीच असते, ती दुप्पट उष्णता कुठून ओढणार? एका टप्प्यानंतर क्रिया पुढे पळते, गारवा मागे पडतो, आणि मग जे होतं ते या खोलीत बसलेल्यांना सांगायची गरज नाही.

लाजरी हा त्यावरचा उपाय होता. नाव लाजाळूच्या झाडावरून घेतलेलं. हा एक उत्प्रेरक, म्हणजे क्रियेला हात देणारा आणि स्वतः न संपणारा पदार्थ. त्याचे अतिसूक्ष्म धागे असतात आणि धाग्यांवर धातूचे कण बसवलेले असतात. साठ अंशांपर्यंत धागे मोकळे, कण उघडे, क्रिया सुरू. चौसष्टच्या पुढे गेलं की धागे वळून त्यांचे गोळे होतात, कण आत झाकले जातात आणि क्रिया जागच्या जागी थांबते. गार झालं की धागे पुन्हा उलगडतात. आजवर माल जितका तापायचा तितका उधळायचा. लाजरी घातल्यावर जितका तापेल तितका झोपेल.

"म्हणजे आता ब्राइन नकोच?" उतेकरांनी विचारलं.

नकोच, असं स्वरा म्हणाल्या. साधं गार पाणी पुरे. फक्त एक गोष्ट जपायची. लाजरीला झोपायला दहा सेकंद लागतात, उठायलाही दहा. ती झोपलेली असताना वरून कच्चा माल सोडत राहिलात तर आत त्याचा ढीग होईल. मग ती उठली की सगळा ढीग एकदम पेटेल, आणि ती पुन्हा झोपेपर्यंतचे दहा सेकंद माल एकशेदहाच्या वर जायला पुरेसे आहेत. एकशेदहाला तयार माल स्वतःच फुटायला लागतो, त्याला लाजरीची गरज नसते. "चुलीत ओली लाकडं घातली की पेटत नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण वर आणखी घालतो, आणखी घालतो, आणि एकदम भडका उडतो तो छपराला लागतो. यात लाजरीचा काही दोष नाही. आजवर जितके रिअ‍ॅक्टर फुटले, त्यातले कितीतरी गरम ठेवल्यामुळे नाही, गार ठेवल्यामुळे फुटले. गार माल क्रिया करत नाही, नुसता साठतो."

बाकीचे वह्या मिटून उठले तरी रसिका बसूनच राहिली.

घरी आल्यावर तिने पत्र्याची पेटी उघडली. दीपेशच्या मृत्यूच्या दाखल्याखाली प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये त्या दिवसाच्या लॉगशीटची प्रत होती. चौकशीनंतर मिळालेली. इतकी वर्षं तिने ती फक्त अक्षरासाठी जपली होती. दीपेशचं अक्षर शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं होतं. सकाळी आठ: सोळा अंश. नऊ: सोळा. दहा: सोळा. अकरा: सतरा. आणि शेजारच्या रकान्यात प्रत्येक तासाला, वरच्या टाकीतून माल सोडणं चालू. कागदाच्या डोक्यावर छापलेलं होतं, तापमान तीस अंश ठेवावे.

पालाशमध्ये तेव्हा रीतच होती तशी. कागदावर तीस असेल तर भला माणूस विसावर चालवायचा, फार काळजीचा असेल तर सोळावर. गार तितकं बरं, असं सगळेच समजायचे. दीपेश फार काळजीचा होता. घरात गॅसची शेगडी बंद केल्यावर तो दोनदा उठून बघायचा.

दुसऱ्या दिवशी तिने स्वरांना गाठलं आणि एका दुसऱ्याच कारखान्याची गोष्ट म्हणून सगळे आकडे सांगितले. त्यांनी ते संगणकात घातले आणि पाच मिनिटांत मान हलवली. बाराच्या सुमाराला उडाला असणार, त्या म्हणाल्या. तिथे ब्राइन सहा मिनिटं उशिरा उघडली होती, असं रसिकाने सांगितलं. "एकदा पेट घेतल्यावर?" स्वरा म्हणाल्या. "पहिल्या सेकंदाला उघडली असती तरी फरक पडला नसता."

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य बोलली असती तरी एका माणसाच्या डोक्यावरचं अठरा वर्षांचं ओझं उतरलं असतं. पण ते ओझं उतेकरांच्या डोक्यावरून उतरून जाणार कुठे? दीपेशचा फोटो कारखान्याच्या फाटकात लावला होता. दरवर्षी त्या तारखेला त्याला हार पडायचा. मुलगी रत्नागिरीला शिकत होती आणि बाबांचं नाव निघालं की तिची मान ताठ व्हायची. रसिकाने फाइल पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि तोंडालाही. रोज कामावर जायची, उतेकर दिसले की नजर चुकवायची. आजवर ती त्यांच्याकडे रागाने बघत नव्हती. आता शरमेने बघत नव्हती. रागाची सवय होती तिला, शरमेची नव्हती.

लाजरीने तीन आठवड्यांत सगळ्यांची मनं जिंकली. तीन नंबरच्या नव्या रिअ‍ॅक्टरमध्ये एका औषधाचा कच्चा पदार्थ बनायचा, त्याच्या सहा बॅचेस अगदी सुतासारख्या सरळ गेल्या. एकदा मुद्दाम गार पाणी बंद करून पाहिलं. तापमान चौसष्टवर गेलं आणि तिथेच पेंगत राहिलं. साहेबांनी पेढे वाटले. कंपनीने ठरवलं की ब्राइनची यंत्रणा पावसाळ्याआधी मोडीत काढायची. उतेकरांनी पुन्हा कमरेवर हात ठेवले, तेव्हा साहेबांनी हात टेकले आणि तीन नंबरचं एक निळं चाक, त्याच्या ब्राइनसकट, त्यांच्या समाधानासाठी तेवढं राहू दिलं.

मे महिन्याची चौदा तारीख, दुपारचे तीन. विजेचा एक झटका आला आणि गार पाण्याचा पंप बंद पडला. तीन नंबर तापला, चौसष्टवर गेला, लाजरी झोपली. पॅनेलवर तन्वी जाबरे बसली होती, चोवीस वर्षांची, हुशार. वरच्या टाकीतून कच्चा माल सोडणारा व्हॉल्व्ह अशा वेळी आपोआप बंद होतो. तोही झाला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'बंद' असं आलंही. तन्वीने मजेत सांगितलं, बाईसाहेब झोपल्या, आता पंप दुरुस्त होईपर्यंत आपण चहा घेऊ.

रसिकाला ती चहाची गोष्ट आवडली नाही. तिची एक खोड होती, आणि त्यावरून नवे लोक तिची टिंगलही करायचे. पडदा काहीही सांगो, तासातासाला ती फलाटावर जाऊन टाकीच्या काचेत डोळ्यांनी पातळी बघायची. चाळीस मिनिटं झाली तशी ती उठली आणि वर गेली.

काचेत माल अर्ध्याच्या खाली होता. असायला हवा होता पाऊण टाकी.

व्हॉल्व्ह बंद झालाच नव्हता. त्याच्या बैठकीत कचरा अडकला असेल, नाहीतर आणखी काही. पडद्याला फक्त दांडा फिरलेला कळला होता. लाजरी झोपली होती आणि चाळीस मिनिटं तिच्या उशाशी कच्चा माल येऊन पडत होता. चारशे लिटर. रसिकाने टाकीखालचा हातव्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळला, गळ्यातल्या वॉकीटॉकीवरून तन्वीला सांगितलं की तीन नंबरचं गार पाणी पंप सुरू झाला तरी सोडायचं नाही, काही झालं तरी सोडायचं नाही, आणि पुण्याला स्वराबाईंना लाव. मग तिने रिअ‍ॅक्टरचा काटा बघितला. सदुसष्ट. आतली उरलीसुरली ऊब अजून काटा हळूहळू चढवत होती.

त्याच वेळी भोंगा वाजला. सदुसष्टला भोंगा वाजावा अशी सोय जुन्या काळापासून होती, ती काढायची कुणाच्या लक्षात आली नव्हती. भोंगा इतका मोठा की वर्कशॉपच्या गोंगाटातही उतेकरांना ऐकू गेला. रसिकाने कठड्यावरून खाली पाहिलं, तर ते वर्कशॉपकडून धावत येत होते, सत्तावन्नाव्या वर्षी, हेल्मेट हातात धरून, सरळ निळ्या चाकाकडे.

ती वरून ओरडली. पण तिच्या बाजूला त्यांचा डावा कान होता. जिन्याच्या बावीस पायऱ्या ती कशी उतरली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. पोहोचली तेव्हा चाक पाव फेरा फिरलं होतं. पाईपवर अजून दव धरलं नव्हतं. ब्राइन जॅकेटपर्यंत पोहोचायची होती. तिने चाकाचे दोन आरे पकडले आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"हात काढा, भावोजी."

अठरा वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला. तिने ठरवला नव्हता, तो आपला आपण आला. उतेकर थबकले, पण त्यांनी हात काही काढले नाहीत.

"अडुसष्ट झालंय," ते म्हणाले. "मला पुन्हा उशीर नाही करायचा, वहिनी. सोडा."

रसिकाने काटा बघितला, त्यांच्याकडे बघितलं. या माणसाला विज्ञान सांगून काही उपयोग नव्हता. एप्रिलमध्ये स्वरांनी सांगितलं होतं ते सगळं त्यांनी ऐकलं होतं, मान डोलावली होती आणि तरीही चाक ठेवून घेतलं होतं. त्यांचे हात ज्या गोष्टीने चाकाला चिकटले होते, ती गोष्ट एकटी तिलाच सोडवता येत होती, आणि तीच तिने पेटीत कुलूप लावून ठेवली होती.

"तुम्ही त्या दिवशी उशीर केलाच नव्हता," ती म्हणाली. त्यांच्या उजव्या कानाशी, अगदी जवळ जाऊन, स्पष्ट. "दीपेशने सोळा अंशांवर चालवला होता. चार तास. सगळा माल आत साठत गेला. तुम्ही डबा न उघडता इथेच उभे असता आणि पहिल्या सेकंदाला चाक फिरवलं असतं, तरी तो फुटलाच असता. माझ्याकडे कागद आहे, त्याच्या अक्षरातला. तीन आठवडे मला माहीत आहे, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

भोंगा वाजतच होता.

"आता आत तसाच ढीग आहे. व्हॉल्व्ह गळतोय, मी काचेत बघून आले. लाजरी झोपलीय म्हणून आपण दोघं इथे उभे आहोत. तुम्ही गार केलंत तर ती उठेल."

उतेकरांनी हात काढले. एकदम नाही, आधी डावा, मग उजवा. मग रसिकाने चाक पाव फेरा उलटं फिरवून घट्ट बंद केलं. तिने पुढचं सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असेल की बाईचं डोकं फिरलं. गार तर करायचं नाहीच, वर ते आपोआपही गार होऊ द्यायचं नाही. साठच्या खाली आलं की संपलं. ऊब धरून ठेवायची.

"वाफ सोडा," ती म्हणाली. "अगदी बोटभर. अडुसष्टवर धरून ठेवा. तुमच्याइतका हलका हात इथे कुणाचा नाही."

ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ऑपरेटरांना आधी ब्राइन, मग देव शिकवला, तो माणूस भोंगा वाजत असताना रिअ‍ॅक्टरला वाफ द्यायला निघाला. लाल रंगाचं छोटं चाक त्यांनी दोन बोटांनी हलवलं, पाईपला हाताची पाठ लावून अंदाज घेतला, आणखी केसभर हलवलं. काटा अडुसष्टवर आला आणि तिथेच राहिला. तिकडे तन्वीने पुण्याचा फोन लावला होता. स्वरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या की मी तिथे असते तर हेच केलं असतं, फक्त तुमच्याइतक्या लवकर सुचलं असतं की नाही कोण जाणे.

पुढचं काम चिकाटीचं होतं. शेजारचा चार नंबरचा रिअ‍ॅक्टर रिकामा होता. त्यात पाच हजार लिटर गार द्रावक भरलं, पंप सुरू होताच त्याच्या जॅकेटला गार पाणी दिलं, आणि तीन नंबरमधला गरम माल त्यात घोटाघोटाने सोडायला लागले. एका वेळी साठ लिटर. तेवढासा माल गार द्रावकात पडला की त्यातली लाजरी दहा सेकंदांत जागी व्हायची, त्या घोटातला कच्चा माल पेटायचा, पण ढीग नसल्याने चार नंबरचा काटा जेमतेम दोन अंश वर जाऊन पुन्हा खाली यायचा. मग पुढचा घोट. इकडे वाफेवर उतेकर, तिकडे घोटाच्या व्हॉल्व्हवर रसिका, मध्ये पॅनेलवरून काटे वाचून दाखवणारी तन्वी. पहिल्या दहा घोटांना कुणी श्वासही मोकळा घेतला नाही. पंधराव्याला तन्वीने "अठ्ठावीस, अठ्ठावीस, सत्तावीस" असं म्हणताना पहिल्यांदा जांभई दिली, आणि रसिकाचा जीव भांड्यात पडला. असे बावन्न घोट. चार तास. तीन नंबर रिकामा झाला तेव्हा फाटकाबाहेर साहेबांच्या गाडीमागे अग्निशमनचे दोन बंब ताटकळत उभे होते आणि त्यांना काहीच काम नव्हतं.

चार नंबरचा नमुना प्रयोगशाळेत गेला. वीस मिनिटांनी निरोप आला की अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध, माल वाया गेलेला नाही. तन्वी खुर्चीवर उभी राहून नाचली. साहेब, ज्यांनी आयुष्यात कधी कुणाला मिठी मारली नसेल, त्यांनी वाटेत आलेल्या पहारेकऱ्यालाच मिठी मारली. रसिका हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम.

कॅन्टीनमध्ये उतेकर एकटेच बसले होते. समोर स्टीलचा डबा, बंद. रसिका जाऊन समोर बसली.

"तीन आठवडे," उतेकर म्हणाले.

तिने मान खाली घातली नाही. "दीपेशचं नाव जाईल असं वाटलं. त्याच्या हातून झालं असं लोक म्हणतील. मुलगी काय म्हणेल. तुम्ही अठरा वर्षं सोसलंत, आणखी थोडं सोसाल, असाही विचार आला माझ्या मनात. तोही आला."

उतेकरांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं.

"सोळावर चालवायला त्याला कुणी शिकवलं, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी. म्हटलं, दीपू, कागदावर तीस लिहितात ते साहेब लोक, त्यांना फलाटावर उभं राहायचं नसतं. आपण गार ठेवायचं आणि घरी जायचं. मला माझ्या उस्तादाने शिकवलं, त्याला त्याच्या. सगळा कारखाना गार चालवायचा, वहिनी. आमचे दिवस चांगले होते म्हणून आम्ही वाचलो. त्याने काही चुकीचं केलं नाही. त्याने माझं ऐकलं."

असं म्हणून ते रडले. अठरा वर्षांचं साठलेलं होतं, त्याला वेळ लागला. रसिकाने त्यांना गप्प केलं नाही. तीही थोडी रडली. मग तिने तो डबा ओढून घेतला, झाकण उघडलं, पोळी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि लसणाची चटणी झाकणात काढली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"जेवा, भावोजी," ती म्हणाली. "निवलंय सगळं, पण जेवा."

उतेकरांनी पाळीत, कारखान्याच्या छपराखाली, अठरा वर्षांनी घास घेतला. अर्धी पोळी तिने खाल्ली.

त्या उन्हाळ्यानंतर लाजरी पुष्कळ ठिकाणी गेली. स्वरांनी तिच्या सोबत एक नियमावली तयार केली आणि तिच्या पहिल्या पानावर पालाशची चौदा मेची हकिकत छापली. झोपलेल्या लाजरीला गार करायचं नाही, हे आता गुजरातपासून तामिळनाडूपर्यंतच्या ऑपरेटरांना पाठ झालं. वर्षभरात तीन ठिकाणी तसाच ढीग झाला, तिन्ही ठिकाणी कुणीतरी वाफ सोडली, आणि तिन्ही ठिकाणची माणसं संध्याकाळी घरी गेली. निळं चाक उतेकरांनी स्वतःच्या हाताने पाना घेऊन काढलं. भंगारात मात्र जाऊ दिलं नाही. ते प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीवर लावलं.

त्याच भिंतीवर, चाकाच्या शेजारी, रसिकाने काचेच्या चौकटीत एक कागद लावला. लावण्याआधी रत्नागिरीहून मुलीला बोलावून तिला सगळं सांगितलं. मुलीने कागद बराच वेळ वाचला आणि मग विचारलं, बाबांचं अक्षर इतकं सुंदर होतं हे मला कधी का नाही दाखवलंस?

नव्या ऑपरेटरांची तुकडी आली की पहिला तास आता रसिका घेते. उतेकर निवृत्त झालेत, पण त्या दिवशी डबा घेऊन येतात आणि मागच्या बाकावर बसतात. रसिका कुणालाही काही सांगत नाही. सगळ्यांना त्या चौकटीपुढे उभं करते आणि विचारते की यात धोका कुठे आहे, शोधा. मुलं-मुली पुढे वाकून वाचतात. आठला सोळा, नऊला सोळा, दहाला सोळा. एकमेकांकडे बघतात. कुणीतरी धीर करून म्हणतं की मॅडम, यात तर काहीच धोका नाही, किती गार ठेवलंय, किती नीट लिहिलंय, हा माणूस फार काळजी घेणारा असणार.

"होता," रसिका म्हणते. "बसा. आता सांगते."